भाकरी जाते त्या गावी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. बिडाच्या तव्याचं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि आठवलं की अजूनही बरं वाटतं. पोलिसाला बरं वाटावं अशी प्रकरणं थोडीच असतात, म्हणून लिहून ठेवतो. नावं कुणाचीच देणार नाही. ती माणसं सोलापुरातच आहेत आणि सुखात आहेत.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा ऐन भरात होता. सकाळची हजेरी उरकून चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने चाळिशीच्या एका माणसाला आत पाठवलं. त्याची आई आदल्या दिवशी पहाटेपासून घरी नव्हती. बाई साठीच्या आसपासच्या, विधवा. घर कानडी बोलणारं, धंदा कडक भाकरीचा. पापडासारखी पातळ ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, त्यामुळे कुरिअरने कुठे कुठे जायची. थापायला हाताखाली बायका होत्या, पण तव्यापुढे बाईच बसायच्या. मोबाइल त्यांनी घरीच ठेवला होता आणि हातात सोन्याच्या पाटल्या होत्या.

"घरात काही बोलाचाली?" मी विचारलं.

"काय न्हाई साहेब. अव्वाला काय कमी हुतं घरात?"

हे वाक्य आलं की मी खुर्चीत जरा सावरून बसतो. ज्या घरात खरंच काही कमी नसतं, तिथे हे वाक्य कुणी बोलत नाही.

मिसिंग दाखल केली, फोटो सगळीकडे पाठवले, पाहुण्यारावळ्यांकडे फोन झाले. दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. पहाटे बाई शेजारच्याच एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाताना दिसल्या होत्या, आणि टाकीवर एक पोतं होतं. पोत्यात काहीतरी जड होतं, कारण गाडी एका अंगाला कलत होती.

हा शेजारी तिशीतला, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. बायको, लहान मुलगी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात नीट लावलेली मोटारसायकल. बाईंना तो काकू म्हणायचा आणि त्यांच्या घरात त्याचं जाणं-येणं होतं. मुलाला ते पहिल्यापासून खुपत होतं. का खुपत होतं ते त्याने सांगितलं नाही, आणि मलाही विचारावं लागलं नाही.

शेजाऱ्याला ठाण्यात बोलावलं. "होय, सोडलं गाडीवरनं," एवढं तो लगेच कबूल झाला. कुठे सोडलं, पोत्यात काय होतं, यावर मात्र गप्प. आमच्या एका सहकाऱ्याने आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. हा आपला खाली मान घालून बसलेला. खोटं बोलणारा माणूस खूप बोलतो, असा माझा अनुभव आहे. गप्प बसणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी राखत असतो.

पण माझा अनुभव कागदावर पुरावा म्हणून चालत नाही. इकडे पाटल्यांसाठी म्हातारीचा घात केला अशी आवई गल्लीत उठली. कारखान्याने त्याला सांगितलं, चौकशी मिटल्याशिवाय कामावर येऊ नको. रोज त्याला चौकशीला बोलावून बसवलं जाई, आणि त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. मुलगा अटकेसाठी रोज खेटे घालत होता, आणि मलाही वरून विचारणा सुरू झाली होती.

म्हणून मी स्वतः बाईंच्या घरी गेलो. पंचनामा आधीच झाला होता. कपाट, कपडे, दागिने सगळं पाहून झालं होतं. सुनेने चहा ठेवला. ओट्यावर भाकऱ्यांचा ढीग होता, काही करपलेल्या, काही मधोमध तडकलेल्या. इतक्या वाईट भाकऱ्या त्या घरात पाहून मला नवल वाटलं.

"नव्या तव्यावर नीट येईनात बगा," सून ओशाळून म्हणाली.

"मग जुना कुठे गेला?"

तिने चहाचा गॅस बारीक केला. मग तिने ओट्याखाली पाहिलं, फडताळात पाहिलं, मागच्या अंगणात जाऊन आली. जुना बिडाचा तवा घरात नव्हता. अव्वांनी उचलून ठेवला असेल असं तिला वाटलं होतं, आणि बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. सगळं घर पाटल्यांच्या मागे लागलं होतं. आमच्याकडे भाकरी करणारी बाई आपला तवा शेजारणीलाही देत नाही, तो वर्षानुवर्षं हाताखाली तयार झालेला असतो. जी बाई तवा बरोबर घेऊन निघाली, तिला पुढे कुठेतरी चूल दिसत होती. मला हायसं वाटलं.

ठाण्यात आलो, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि शेजाऱ्याला चहा दिला. कुठे सोडलं वगैरे काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "तवा तू उचललास की काकूंनी?"

तो चपापला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"मीच की साहेब. लई जड हाय त्यो. वर ज्वारीचं पीठ, मंगळवेड्याच्या ज्वारीचं. म्हटलं काकू, तितं पीठ मिळंल की. ऐकतीया कुटं?"

"मग इतके दिवस गप्प का?"

"शब्द दिलाता. म्हणाली, मी फोन करीपतूर कुणाला सांगू नगंस, पोरगं आडवं येतंय. आता तुमास्नी तव्याचं कळलं म्हंजी माज्याकडनं फुटलं न्हाई न्हवं?"

मग सगळं बाहेर आलं. उत्तरेकडच्या डोंगरात एक लहानसं गाव आहे. तिथून डोंगरमाथ्यांवरून अनेक दिवस चालण्याची एक लांबलचक वाट सुरू होते. ती वाट चालणारी पोरं शिदोरी म्हणून बाईंच्या कडक भाकऱ्या मागवायची. तिथल्या एका मुक्कामघराच्या मालकिणीने फोनवर कधीतरी म्हटलं होतं, अम्मा, एकदा येऊन बघा, तुमच्या भाकरीवर पोरं किती लांब जातात ते. बाईंनी मनात धरलं. घरी दोन-तीनदा विषय काढला. ह्या वयात डोंगरात काय आहे, म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. शेवटी शेजाऱ्याने तिकीट काढून दिलं आणि स्टेशनवर गाडीत बसवून दिलं.

त्या गावच्या पोलिसांना फोन केला. तिकडचा हवालदार हसत म्हणाला, "हाँ साब, अम्मा है। रोटी खिलाती है।" मुलाचा विश्वास बसेना. शेजाऱ्यावरचा ठपका पुसायला बाईंचा समक्ष जबाब हवाच होता. एक महिला हवालदार, मी आणि मुलगा असे निघालो.

त्या गावात मी इनमीन दोन दिवस होतो, पण अजून मन तिकडे धावतं. सोलापुरात डांबर वितळत होतं आणि तिथे पोलीस ठाण्याबाहेर खुर्च्या उन्हात मांडून शिपाई स्वेटर घालून बसलेले. एकच बाजारपेठ, तीही चढाची. देवदाराच्या लाकडाचा वास, घंटा वाजवत जाणारी खेचरं, चिखलाचे बूट पायरीवर वाळत घातलेले. शाळेच्या मागून ती वाट वर जात होती. इतकी साधी पायवाट, की कुणी सांगितलं नसतं तर मी तिच्याकडे बघितलंही नसतं.

मुक्कामघरात शिरलो तेव्हा बाई चुलीपुढे होत्या. तव्यावर भाकरी, हातात फडकं. शेजारी बसलेल्या मालकिणीला त्यांचं सोलापुरी हिंदी चाललं होतं. "दबाव गे, दबाव. फुगने मत दे."

मुलगा दारातच थांबला. रस्ताभर त्याने काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते मी ऐकलं होतं. त्यातलं काही आठवेना त्याला.

"अव्वा, मनीग बा," घरी चल, एवढंच तो कानडीत म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. घाबरल्या नाहीत. "आलास? बस. ऊटा आतेन?" जेवलास का, म्हणजे.

मी ओळख दिली आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर काय बालंट आलंय ते सांगितलं. तेव्हा मात्र त्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अगं बाई! माज्यापायी? फोन करणार हुते की त्याला. नंबर सगळे मोबाइलमधी, पाठ फकस्त घरचा. घरी लावला असता तर ह्यो दुसऱ्या दिवशी न्यायला हजर." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुला त्याचाच संशय आला व्हय रे? त्यानं आपल्या घरचं पाणी कमी प्यालंय का?"

मुलाने खाली पडलेलं फडकं उचलून त्यांच्या हातात दिलं.

"येते मी घरी," बाई म्हणाल्या, "पर उद्याचा दिस सोडा. वर बर्फ हुतं, वाट काल उघडलीया. ज्यासाठी आले ते बघितल्याबिगार न्हाई यायची."

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी सांगितलं, त्या सज्ञान आहेत, त्यांना ओढून नेण्याचा अधिकार मला नाही आणि तुलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळेच चढलो. बाई नऊवारीचा काष्टा खोचून पुढे, मी धापा टाकत सगळ्यांच्या मागे. वरच्या कुरणावर पाठीवरच्या पिशव्या टाकून एक मुलगा आणि मुलगी बसले होते. त्यांनी कागदातून भाकरी काढली, मोडली, शेंगा चटणी लावली आणि समोरचे डोंगर बघत खाऊ लागले. मुलीने तर तळहातावरचा चुराही तोंडात टाकला.

बाईंचा मुलगा पुढे झाला. ही भाकरी माझ्या आईने केली, असं त्यांना सांगायचं होतं त्याला. बाईंनी त्याचा दंड धरला. "खाऊ दे की निवांत," म्हणाल्या. ती दोघं उठून पिशव्या पाठीला लावून पुढच्या वळणाआड गेली, तोवर त्या उभ्याच होत्या. मग पदराने डोळे पुसून तिथेच एका दगडावर बसल्या. "घ्या साहेब, काय लिहायचं ते लिवा."

"मी माझ्या राजीखुशीने आले आहे," अशी सुरुवात करून मी त्यांचा जबाब नोंदवला. इतका आनंदाने लिहिलेला जबाब माझ्या हातून दुसरा नाही.

सोलापूरला पोचल्यावर मुलगा आपल्या घरात शिरायच्या आधी शेजाऱ्याच्या दाराशी गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्याच आठवड्यात शेजारी कामावर रुजू झाला. पुढे कधीतरी सात रस्ता चौकात तो मोटारसायकलवर भेटला, तर मागे बाई बसलेल्या होत्या आणि त्याच्या मुलीला बाईंच्या नातवाबरोबर शाळेत सोडायला निघाले होते.

हरवलेल्या माणसाची खबर घेताना आम्ही उंची, वर्ण, अंगावरचे कपडे विचारतो. त्या प्रकरणानंतर मी आणखी एक गोष्ट विचारू लागलो, ह्यांना काय बघायचं होतं, कुठे जायचं होतं? बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

निवृत्त झालो त्या संध्याकाळी हार-नारळ घेऊन घरी आलो आणि हाच प्रश्न बायकोला विचारला. तिने तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. त्या दिवशी आम्हाला जेवायला फार उशीर झाला.