अळ्यांची रांग

माझी माय कपाशीतल्या अळ्या डब्यात वेचायची आणि नाल्यापलीकडं नेऊन बाभळीखाली सोडायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या गावात त्यावर पुष्कळ हसून झालेलं आहे, त्यात आता माझी भर नको.

लग्नानंतर तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. अख्ख्या भावकीत ती पहिलीच. तिनं मटण सोडलं ते आजीनं कसंबसं गिळलं, पण एका वर्षी घरच्या नवसाचा बोकड आला आणि त्याच्या स्वयंपाकाला हात लावणार नाही म्हणून माय ओट्यावर येऊन बसली. पाहुण्यांसमोर. त्याच आठवड्यात आम्हाला घर सोडावं लागलं. बैलगाडीत दोन पेट्या, जातं, एक शेळी आणि पाच वर्षांची मी. गावापासून कोसभर लांब माळाच्या उतारावर आमच्या वाटणीचं चार एकर रान होतं. तिथं तोवर कुणीच राहिलेलं नव्हतं. बापानं तुराट्यांचा कूड उभा केला, मायनं तो शेणामातीनं लिंपला आणि पहिला पावसाळा आम्ही तिथं साप-विंचवांच्या शेजारानं काढला. बापानं स्वतः उपदेश घेतला नव्हता. मग तुम्ही का आलात असं मी मोठी झाल्यावर विचारलं, तर म्हणाला, "मंग गाडी कोन हाकनार होतं?"

भेटेल त्याला माय हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हणायची. पंथातल्या माणसांना, हाकलून देणाऱ्या सासूला, एसटीच्या कंडक्टरला. मी उंद्रीच्या शाळेत निघाले की मलाही. मैत्रिणींसमोर ती असं म्हणाली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

फवारणी करू नका असं तिला कोणत्याही बुवांनी सांगितलेलं नव्हतं. पंथातले इतर शेतकरी आपापली शेती चारचौघांसारखीच करायचे. हे तिनं स्वतःच्या मनानं धरलं होतं, आणि एकदा धरलं की ती सोडायची नाही. माव्यासाठी निंबोळीचा अर्क चालायचा, कारण त्यानं किडे "उठून जातात" असं तिचं म्हणणं. बोंडअळी मात्र हातानं वेचायची. चार एकरांत हातानं किती वेचणार? अर्धी बोंडं किडकी निघायची आणि बाप ती बाजूला काढत बसायचा.

मी बारावीत गेले त्या वर्षी बापानं बीटीचं बियाणं आणलं. मला बुलढाण्याला डी.एड.ला जायचं होतं. बापानं मला स्वच्छ सांगितलं होतं, कपाशी झाली तर जाशील, नाही तर उन्हाळ्यात पाहुणे बोलवू. पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे.

मायला बारीक अक्षर दिसत नव्हतं. पाकिटातला कागद तिनं माझ्याकडं दिला. "वाच वं, काय लिवलं हाय त्याच्यात."

मी मोठ्यानं वाचायला लागले. बोंडअळीसाठी फवारणी कमी लागते, हे वाचलं. पुढची ओळ माझ्या डोळ्यांनी आधीच गाठली होती. या झाडाच्या पानात आणि बोंडातच असं द्रव्य असतं की ते खाल्लं की अळी मरते. बाप दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. दुकानदारानं त्याला सगळं सांगितलेलं असणार. मी ती ओळ गाळली आणि पुढं वाचलं की सोबतची छोटी पुडी साध्या बियाण्याची आहे, ती शेताच्या कडेनं लावावी, म्हणजे किडीला आश्रय मिळतो.

"आश्रय?" माय म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडं बघवेना. "म्हंजे अळ्याईचा वाटा काढून देला त्याईनं? देवमानसं हायेत वं हे कंपनीवाले!"

गावात सगळ्यांनी ती छोटी पुडी बांधावर फेकून दिली होती. माझ्या मायनं ती कडेनं एकेक बी मोजून टोबली. तिला ती 'अळ्यांची रांग' म्हणायची. अळ्यांना खायला बाहेर मिळतं म्हणून त्या आत येत नाहीत, अशी तिची समजूत. आतली कपाशी खरंच निरोगी निघाली, पात्यांनी, म्हणजे कळ्यांनी, लगडली, आणि रोज संध्याकाळी ती मला सांगायची, "पाह्य, कोनाले माराचं काम पडलं नाई." मी हो म्हणायचे आणि पुस्तकात डोकं घालायचे. मोठ्या अक्षरातली पोथी वाचता वाचता तिनं मान वर केली तरी मला वाटायचं, आता विचारते. रोज ठरवायचे, आज सांगू. मग बोंडं मोजायचे आणि गप्प बसायचे.

दिवाळीच्या आधी ती रांग अळ्यांनी भरून गेली. बांधापलीकडं माझ्या चुलत काकाची तूर फुलावर होती. एका सकाळी तो पाठीवर पंप बांधूनच आला.

"भाऊ, तुह्या घरवालीच्या अळ्या माह्या तुरीत येऊन राह्यल्या. ते रांग मारून टाकतो मी."

माय धावत जाऊन रांगेसमोर उभी राहिली, पदर खोचलेला, हात जोडलेले. "दंडवत करतो भाऊजी. मी आजच येचून घेतो साऱ्या."

"सरका वयनी. येचून कुठी सरतात का?"

"मले आंगावर मारा मंग."

काकानं नळी वर उचलली. मारणार नव्हता, पण उचलली. पलीकडच्या रानातल्या बाया कामं सोडून बघायला लागल्या. कुणी तरी हसलं. बारा वर्षं मी ते हसू ऐकत आले होते, आणि त्या क्षणी मला राग आला तो हसणाऱ्यांचा नाही, मायचा. हिच्यापायी आम्ही माळावर, हिच्यापायी लोकांच्या तोंडी.

"कायले नाटक करतं माय?" मी ओरडले. "ह्या रांगेत वाचवतं, अन् तिकडं चार एकरात तूच मारून राह्यली! त्या पानातच जहर हाय. अळी खाते अन् मरते. कागदावर लिवलं होतं."

बाप म्हणाला, "चूप बस." पण ते सांगून झालं होतं.

माय वळली आणि कपाशीत शिरली. एका झाडापाशी वाकून तिनं पान उलटं केलं, मग दुसऱ्या झाडाचं, मग तिसऱ्या. काय दिसलं कोण जाणे. बराच वेळ ती तशीच पानं उलटत राहिली. मग बाहेर आली आणि रांगेपासून बाजूला झाली.

"मारा भाऊजी," ती म्हणाली.

काकानं फवारलं. वास घरापर्यंत आला. दुपारपर्यंत अळ्या खाली गळून पडल्या आणि मायनं त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

दोन दिवस ती जेवली नाही, पण कामं सगळी करत होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तव्याकडं बघतच तिनं विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

"पेरणीच्या आधीपासून. कागद वाचला तवापासून."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तू पेरू देलं नसतं."

तिनं भाकरी उलटली. "म्हंजे तुलेही कापूसच पाह्यजे होता."

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली, वर तेल-तिखट घातलं आणि म्हणाली, "जेव."

कपाशी चांगली झाली. वेचणीला माय रोज सगळ्यांच्या आधी रानात असायची, एकही बोंड तिनं मागं ठेवलं नाही. माझा बुलढाण्याचा प्रवेश झाला. जूनमध्ये ती मला एसटीवर सोडायला आली, ट्रंक स्वतः डोक्यावर घेऊन. कंडक्टरला हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हणाली, शेजारच्या सीटवरच्या बुरखेवाल्या बाईलाही म्हणाली, आणि माझ्या पोरीकडं लक्ष ठेवा म्हणून तिला सांगितलं. मी खिडकीत बसले. ज्या दोन शब्दांची मला इतकी वर्षं लाज वाटायची, त्यांची मी वाट बघत होते.

"जाय," ती म्हणाली. "नीट राह्य."

घंटी वाजली. मीच मग खिडकीतून हात जोडले आणि म्हणाले, "दंडवत प्रणाम, माय." गाडी निघाली होती. तिला ऐकू गेलं की नाही, मी तिला कधी विचारलं नाही.