पुतळीबायने विळा चुलीतून काढला

पुतळीबाय सायवनजवळच्या आमच्या पाड्यावरची सुईण. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तान्हं मूल पोट धरून रडायला लागलं की माणसं अजून तिलाच बोलावतात. विळ्याचं टोक तापवून बेंबीभोवती ती चार डाग द्यायची. माझ्या नवऱ्याच्या, मुकेशच्या पोटावर आहेत तिच्या हातचे.

माझी दक्षा तेव्हा सहा आठवड्यांची होती. दिवेलागणीला मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडायला लागायची, ती तीन तास. डॉक्टरांनी नीट तपासलं होतं. वजन वाढतंय, हे कॉलिक आहे, म्हणजे तान्ह्यांचं संध्याकाळचं रडणं, तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप थांबेल, म्हणाले. मी घरी येऊन सगळ्यांना समजावलंही.

दहाव्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बी.एस्सी.ने पोर काही गप होत नाही. पुतळीला बोलावते."

मी नाही म्हटलं नाही. मला ते रडणं थांबायला हवं होतं, कसंही.

पुतळीबाय आली तेव्हा विळा चुलीत लाल झाला होता. त्याच्याकडे न बघता तिने मला विचारलं, "अंगावर पिते?"

"पिते."

"हिरवं ओकते? शीतून रक्त?"

"नाही."

"लघवी?"

"सात-आठ वेळा."

तिने दक्षाच्या कपाळाला, पोटाला हात लावून पाहिला. सासूबाई हसल्या. "म्हातारपणी नर्सबाई झालीस गं!"

पुतळीबायने विळा ओढून काढला आणि पाण्याच्या बादलीत घातला. चर्र झालं. मग सासूबाईंकडे वळून म्हणाली,

"नवशे, माझ्या रूपीचा तान्हा लडक्या तापाने गेला असं मी सांगितलं ना तुला? मीच डाग दिला होता त्याला. माझ्याच नातवाला. तिसऱ्या दिवशी रडायचा थांबला. मी रूपीला म्हटलं, बघ, गुण आला. तो पीतसुद्धा नव्हता गं. तलासरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गार पडला."

सासूबाईंनी चुलीतली लाकडं मागे ओढली.

पुतळीबायने दक्षाला हातावर पालथी घेतली. डोकं कोपराच्या खळग्यात, पोट हाताला टेकलेलं, हातपाय दोन्हीकडे लोंबते. तशीच ती अंगणात फिरू लागली. माझ्याकडे वळून म्हणाली, "हिचं रडणं तू नको थांबवू. ते थांबेल त्याच्या दिवशी. थकलीस तर सासूकडे दे, मुकेशकडे दे, पण हलवू-झटकू नको. पिणं सोडलं, ताप आला, अंग ढिलं पडलं, तर मात्र मला बोलावू नको. गाडी बोलाव."

दक्षा रडतच होती. अर्ध्या तासाने आवाज एकदम बंद झाला. दहा दिवस मी ज्याची वाट बघत होते तेच झालं होतं, आणि मी ताडकन उठले.

पुतळीबाय जवळजवळ धावतच माझ्याकडे आली. "पाज. लवकर पाज."

दक्षाने तोंड उघडलं, चाचपडली, आणि जोरात ओढू लागली. तिच्या घशाचा आवाज तिघींनी ऐकला. मग पुतळीबाय ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.