तांड्याला भिणारा मास्तर

भिया गेला हे सुनेनं सांगितलं तेव्हा मी तूर निवडत होते. सूप खाली ठेवलं नाही. निवडून झाल्यावर उठले. तो माझा थोरला भाऊ, नव्वदीच्या घरातला. रडू आलं नाही... पण तेव्हापासून त्याची शाळा डोक्यातून जात नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीच्या पलीकडं. मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हा भियानं तांड्यात शाळा काढली. सातवी शिकलेला तेवढा तोच. घरंघर पाळीनं त्याला जेवू घालत, तोच पगार. दिवाळीनंतर तांडा कापूस वेचायला निघाला की शाळाही वावरात जाई. आम्ही पोरंपोरी कमरेच्या ओटीत कापूस भरत पुढं सरकायचो, भिया शेजारच्या ओळीत. आधी आमच्या गोरबोलीत सांगे, मग मराठीत.

एका हिवाळ्यात शाळाखात्याचा साहेब आला. सरकार शाळा ताब्यात घेणार, टिनाची खोली देणार, भियाला पगार देणार. अट एकच... वेळ, पुस्तक, सुट्ट्या, सगळं सरकार ठरवणार. भिया म्हणाला, खोली द्या, पुस्तकंही द्या, पण शाळा कधी आणि कुठं भरवायची ते तांड्याला ठरवू द्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, प्रत्येक गाव आपलाच कायदा सांगू लागलं तर गरिबाच्या पोराला सारखं शिक्षण कसं मिळायचं?

“मास्तर ज्याचा पगार घेते त्यालेच भेते, साहेब,” भिया म्हणाला. “आज मी तांड्याले भेतो. पोरगं शिकलं नाई, त त्याची माय मले वाढत नाई. उद्या पगार तुमी देसान, मंग तिले कोन इचारन?”

बाया पदरात तोंड घालून हसल्या. त्याच आठवड्यात एका घरून तो उपाशी परतला होता.

“तुह्या हट्टापायी पोरायची खोली घालवतं काय बे?” तांड्याचा नायक म्हणाला आणि त्यानं साहेबाच्या कागदावर अंगठा उठवला.

भियानं नोकरी घेतली नाही. खोली झाली, बाहेरचा मास्तर आला. पुढच्या वेचणीला आम्ही वावरात, खोली रिकामी. भिया पुन्हा शिकवू लागला. मग नायक वावराच्या बांधावर, धुऱ्यावर येऊन म्हणाला, पोरं तुझ्याकडं शिकली तर तिथली हजेरी पडेल आणि सरकार शाळा काढून नेईल. भियानं त्या दिवशी शिकवणं बंद केलं. पुढं वेचणीला निघताना लोकांनी मुलग्यांना शाळेसाठी तांड्यात मागं ठेवलं. मुलींना नाही; वेचायला हात लागतात. माझी शाळा चौथीत संपली ती अशी.

माझा लेक त्याच खोलीत शिकून एसटीत लागला. म्हणून मी सरकारला शिव्या घालणार नाही. पण त्या सारख्या शिक्षणात वावरातल्या पोरी कुठं होत्या, हे भिया मरेपर्यंत विचारत होता. मलाही ठाऊक नाही.

शिकवताना तो एक वाक्य बोलून थांबे. आम्ही ते म्हटलं की पुढचं. शाळा मोडली, ते थांबणं राहिलं. साठ वर्षं तो “बैल सोड” म्हणून थांबे, “भाकर वाढ” म्हणून थांबे. घरच्यांना वाटे, म्हातारा विसरला.

परवा त्याच्या वावरात गेले. वेचणी चालू होती. भावजय धुऱ्यावर बसली होती. “पानी दे,” ती म्हणाली आणि थांबली... अगदी भिया थांबे तेवढीच. तांब्या माझ्या हातात होता.

मी आधी म्हटलं, “पानी दे.” मग दिलं.