ताईचं समुद्रकाठचं सासर

बाबा पांढरकवड्याला बसवर कंडक्टर होते. त्यांनी ताईचं लग्न पार पश्चिमेला, समुद्रकाठच्या गावात ठरवलं, तेव्हा माय रडायला लागली.

"रडून काहून राह्यली?" बाबा म्हणाले. "तिथं मुंबईची गाडी थांबते, सुरतची थांबते, नाशकाची बस तिथूनच सुटते. मनात आलं का पोरगी घरी."

लग्नानंतर ताई एकदाही आली नाही. तिला दिवस गेले आणि सातवा महिना लागला, तेव्हा बाळंतपणासाठी तिला आणायला बाबा आणि मी गेलो.

गाव खरंच देखणं होतं. चिकूच्या वाड्या, कौलारू घरं, अंगाला चिकटणारा खारा वारा. ताईचं घर स्टेशनाला लागून, त्यामुळे तिथून पाहुणे हलत नसत. कोणी गाडी बदलायला थांबलेलं, कोणी हवापालटाला आलेलं, कोणी मुंबईच्या दवाखान्यात निघालेलं. ताई चुलीपुढं भाकऱ्या थापत बसली होती. पाय सुजलेले.

"समुद्र किती दूर हाये?" मी विचारलं.

"वाडी संपली का लागते म्हणतात. मी नाही पाह्यला अजून."

मला वाटलं, गंमत करते. पण ती खाली मान घालून पीठ मळत राहिली.

संध्याकाळी मी पाहुण्यांबरोबर जाऊन आले. "कसा हाये?" तिनं विचारलं. "लय मोठा," मी म्हटलं.

सकाळी बाबांनी तिला न्यायचा विषय काढला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "इथं दवाखाना जवळ, डॉक्टर जवळ. असं सोयीचं गाव सोडून तिला इतक्या लांब कशाला पाठवू? त्यात सुट्ट्यांचे दिवस, माणसं येणार." जावई पेपर वाचत होते. बाबांनी आमची पिशवी उचलली.

ताई दारापर्यंत आली. "मायले सांगजो, मी मजेत हाये."

ताईला मुलगी झाली आणि ते बाळ आठवड्याभरात गेलं. मायनं तिकडं जायला गाठोडं बांधलं, तेवढ्यात ताईचंच कार्ड आलं : येऊ नको, घरात निजायला जागा नाही.

मायनं गाठोडं सोडलं. ताईसाठी केलेले डिंकाचे लाडू शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकले.