आत्याच्या पायाखाली

कारखान्यात तिला सगळे आत्याच म्हणत. तिची सख्खी भाची तिथे ऑफिसात कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत "आत्या, डबा विसरलीस!" म्हणून ओरडली. तेव्हापासून वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. मालक तिच्याहून चांगले मोठे, पण तेही हाक मारत, "आत्या, जरा येऊन जा."

तिचं काम मोडतोडीचं. डर्ट बाइकचे, म्हणजे चिखलादगडांतून उड्या मारत चालवायच्या गाड्यांचे, सुटे भाग तिथे बनत. त्यातले फुटपेग आत्याकडे. चालवणाऱ्याचा पाय टेकतो तो हा दातेरी तुकडा. अशा गाडीवर माणूस बसतो कमी, उभाच जास्त, त्यामुळे अंगाचा सगळा भार त्या वीतभरही नसलेल्या तुकड्यावर. चाचणीच्या खोलीत एक यंत्र त्याला दिवसभर वरून दाबत राही, दुसरं त्याच्यावर वजन आपटे, आणि मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज चढतो का तेही बघत. यंत्रांनी पास केलेला तुकडा आत्या मागच्या मातीच्या ट्रॅकवर नेई आणि स्वतः त्यावर उभी राही.

घरी भाऊ, वहिनी आणि ही भाची. वहिनीला ट्रॅकचं नावही खपत नसे. "नणंदेचं लग्न नाही झालं त्याचं मला काही नाही," ती म्हणायची, "पण निदान जमिनीवर तरी राहावं माणसाने." आत्या हसून धुवायचे कपडे तिच्या पुढ्यात टाकी. ते मातीने इतके कडक झालेले असत, की टेकवून ठेवले तर उभे राहिले असते.

मग नवा फुटपेग आला. हलका, रुंद, दाते चांगले धारदार. तो आखणारा इंजिनिअर नवा होता, लाजाळू, बोलताना समोरच्याच्या कोपराकडे बघणारा. यंत्रांना त्या तुकड्याचं काही वाकडं करता आलं नाही. आत्याने कोरड्या मातीत चालवला, तिलाही आवडला. "पाय चिकटून राहतो रे," ती म्हणाली, आणि इंजिनिअर कानापर्यंत लाल झाला.

ओल्या ट्रॅकवरची फेरी तेवढी उरली होती. त्या फेरीत वळणापुढे चाकांनी पाडलेल्या खोल चाकोरीच्या काठाला उजवा फुटपेग घासला. असा धक्का बसला की त्याने वर दुमडायचं आणि स्प्रिंगच्या जोराने पुन्हा खाली यायचं, अशी त्याची रचना. तो दुमडला, पण बिजागरीत चिखल गच्च बसला होता, खाली आलाच नाही. धक्क्याने उचललेला आत्याचा पाय परत टेकायला गेला, तर तिथे काहीच नव्हतं. गाडी एकीकडे, आत्या दुसरीकडे, आणि घोटा मोडला.

प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून ती घरी पडली. वहिनीने चार शब्द सुनावले आणि उशी सरळ केली. दोन्ही एकाच दमात.

इंजिनिअर भेटायला आला तो दारातच घुटमळला. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी नोकरी सोडतो."

"आधी चप्पल सोड आणि आत ये," आत्या म्हणाली. "मलाही तो आवडलाच होता ना? चिखलात दाबून बघायचं तुला सुचलं नाही, तसं मलाही नाही. तुकडा आणलायस?"

त्याने खिशातून काढला. फडक्यात गुंडाळला होता, एखाद्या आजारी पाखरासारखा.

"वहिनी, बादलीभर चिखल होईल का गं?"

"घरात?" वहिनी म्हणाली. पण बाहेर गेली, कुंड्यांजवळची माती आणून मळू लागली. ती पातळ झाली, निथळून गेली. मग तिने चिकणमाती शोधून आणली, बाही वर करून तिंबली. या वेळी फुटपेग असा अडकला की तिघं त्याच्याकडे बघतच राहिली. "हा खरा हट्टी," वहिनी खूश होऊन म्हणाली.

पुढे रोज संध्याकाळी हे चालू. इंजिनिअर बिजागरीची खाच तिरपी घासून आणी, चिखल बाहेर पडायला वाट ठेवी, स्प्रिंग बदली. आत्या दाबून बघे, मान हलवी. वहिनी चिखल ताजा करी. भाऊ कामावरून आला की पाय कुठे ठेवायचा ते आधी विचारून मगच आत येई. शेवटी एकदा तुकडा चिखलातून खाडकन खाली आला. तिघांच्याही तोंडावर शिंतोडे, आणि कोणी पुसेना.

घोटा जुळला. पण ट्रॅकवर गेल्यावर आत्याला उभंच राहवेना. बसून गाडी हाके, आणि उजवा पाय सारखा चाचपडत राही: आहे ना खाली? मालक म्हणाले, "आत्या, तुम्ही आता खोलीतली यंत्रंच सांभाळा." त्यात वाईट काही नव्हतं. तरी ती घरी येऊन जेवलीच नाही.

दुसऱ्या सकाळी वहिनी साडी नेसून तयार. "मीही येते," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने ट्रॅक पाहिला नव्हता. कुंपणापाशी उभी राहिली, पदर खोचून. आत्याने एक फेरी मारली, बसूनच.

"अगं, उठ की!" वहिनी ओरडली. "बसलेली तर मी तुला रोज घरी बघते!"

वॉचमन हसला. आत्यालाही हसू आलं, आणि हसण्यात गुडघे आपोआप सैल झाले. ती उठली. चाकोरीच्या काठाला सुधारलेला फुटपेग घासला, दुमडला, आणि पाय खाली आला तेव्हा तो पायाखाली होता. मग तिने त्याच जागेवरून मुद्दाम पुन्हा पुन्हा गाडी नेली.

ट्रॅक तिने सोडला तो पुढे, आपल्या मर्जीने, एका नव्या मुलीला शिकवून झाल्यावर. आता ती चाचणीची खोली बघते. यंत्रांच्या रांगेत शेवटी चिखलाची एक मोठी टाकी आहे. तिच्यातून पार झाल्याशिवाय एकही फुटपेग बाहेर जात नाही. माती कोरडी पडली की आत्या घरी फोन लावते, आणि वहिनी पलीकडून विचारते, "पाणी किती घातलंस आधी सांग."