आईच्या नवमीला खव्याची जिलबी

आई गेल्यावर दीड वर्षाने बाबांनी दुसरं लग्न केलं आणि त्याच पावसाळ्यात आत्या आम्हा सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेली. तिने तो आधीच पाहिला होता, म्हणजे हा बेत माझ्यासाठी होता. मी अकरावीत होते, कुक्कुलं बाळ नव्हते.

सिनेमातल्या मुलीची आई वारलेली. घरात नवी आई येते, मुलगी रुसते, जेवत नाही, तिला ताप येतो, नवी आई उशाशी बसून राहते आणि बरी झाल्यावर मुलगी तिच्या गळ्यात पडून 'मम्मी' म्हणते. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. आत्याने मला कोपराने ढोसलं आणि डोळे पुसले. बाबा पॉपकॉर्नमधून मान वर काढेनात. मला मात्र संताप आला होता. सबंध सिनेमात त्या मुलीला एकानेही विचारलं नाही, की बाई गं, तुझी आई होती कशी? मेलेली आई नुसती उजेडात उभी राहून गोड हसायची. माझी आई अशी कधी उभी राहिली नाही. ती ओमतीच्या बाजारातल्या दुकानदारांशी हुज्जत घालायची, पत्त्यांत धडधडीत फसवायची आणि खीर पुढे आली की नाक मुरडायची. तिला लागायची कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी, काळी, पाकात बुडालेली.

घरी येऊन चहा घेताना आत्याने खरा विषय काढला. पितृपक्ष जवळ आला होता. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी आमच्याकडे अविधवा नवमीला तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात. मागच्या वर्षी आईच्या पानावर आत्याच बसली होती. यंदा तिचं म्हणणं पडलं की नवमी नको, घरात नवी बायको आली आहे, तिला वाईट वाटेल.

"त्या पोरीनं कसं सोडून दिलं, पाहिलं ना?" ती म्हणाली.

"तिला कोणीतरी लिहून दिलं होतं. मी नाही सोडणार. आईची नवमी होईल."

बाबा चपला शोधायला लागले. घरात वाद झाला की त्यांना नेहमी बाहेर काम निघतं.

बाबांच्या नव्या बायकोला मी लग्नाआधीपासून काकू म्हणते. ती नागपूरची. इतका वेळ स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली.

"नवमी काहून नाही करायची, ताई? मला नाही वाटत वाईट." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "त्यांना आवडायचं काय?"

आई गेल्यापासून मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं, त्याचाही राग आला. मी जिलबीचं सांगितलं आणि वर हेही ऐकवलं, की तुम्हाला मी आई म्हणणार नाही.

"नको म्हणू," काकू म्हणाली. "जिलबी कुठं मिळते, ते दाखव."

श्राद्धाच्या पानात बाहेरचा पदार्थ म्हटल्यावर आत्याने यायचंच नाकारलं. नवमीला सकाळी आम्ही दोघी ऑटोने जाऊन जिलबी घेऊन आलो. काकूने साग्रसंगीत स्वयंपाक केला, मी पान मांडलं. पण बसायला सवाष्ण नव्हती. शेजारच्या भाभीजींना बोलवू या, असं काकू म्हणाली.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

ती गोंधळली. बाबा दारात थांबले. मी तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. ती जेवायला लागली आणि मी आग्रह करून वाढत राहिले, जिलबी दोनदा.

आत्याला हे कळलं तेव्हा तिने सगळ्या नात्यात सांगितलं, की सिनेमाचा गुण आला. साफ खोटं. काकूला मी आजही काकूच म्हणते. आईचं पान मी मांडलं होतं आणि त्यावर कोणाला बसवायचं, ते मी ठरवलं.