पुढच्या चाकांचे खटके

नाल्याच्या मधोमध जीप अडकली. मागची चाकं जागेवर गरगर फिरत होती, पुढची हलत नव्हती. पाणी गाडीच्या आत आलं होतं. मागच्या बाकावर माझी जाऊ आडवी पडली होती. कापूस वेचताना तिला घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. पलीकडच्या काठावर अ‍ॅम्बुलन्स उभी होती. ती पाण्यात उतरू शकत नव्हती.

जीप दीर चालवत होता. गिअरशेजारचा छोटा दांडा त्याने दोनदा ओढला.

"फोर बाय फोर टाकलं ना! मंग काऊन निघून नाही राह्यली?"

"चाकाचे खटके लावले का?" मी शेजारून विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

ही जुनी गाडी. नुसता दांडा ओढून पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. खाली उतरून प्रत्येक पुढच्या चाकाच्या मधोमध असलेला खटका हाताने फिरवावा लागतो. डिझेल वाचावं म्हणून दीर ते खटके मोकळेच ठेवतो. त्यात दसऱ्याला त्याने पूजेसाठी गाडीला ऑइलपेंट फासला, खटक्यांनासुद्धा. कुठे फिरवायचं ते दाखवणारे बाण रंगाखाली गेले.

मी लुगडं खोचलं.

"वयनी, उतरू नका! वाहून जासान!"

"तू उतरला तं एक्सिलेटर कोण दाबून धरन? गाडी बंद पडली का संपलं. चूप बस अन् पाना दे."

पाणी कमरेला लागलं. बंपर धरून चाकापाशी वाकले. खटका रंगाने घट्ट बसला होता. पान्याने ठोकून रंग फोडला. बाण दिसायचा प्रश्नच नव्हता, सगळं गढूळ पाण्याखाली. पण दर दसऱ्याला गाडी मीच धुते, खटके फिरवून घासते. खटका उजवीकडे फिरवला की आत काहीतरी बसतं, डावीकडे नुसताच सैल फिरतो. हाताला ते ठाऊक होतं. उजवीकडे फिरवला. बसला.

दुसरं चाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला होतं, धार थेट पाठीवर येत होती. तिथे पाना हातातून निसटून गेला. मग बोटांनीच पिळला. एक नख उपटलं. खटका बसायला वेळ लागला. गाडीत जाऊ ओकत होती, तो आवाज मला येत होता.

"टाक आता. सगळ्यात लहान गिअर. अन् क्लच हळू सोड, बैलासारखा झटका नको देऊ."

मी दाराची कांब धरून पायरीवर चढले. पुढची चाकं दगडांना लागली. जीपने नाक वर केलं आणि इंचाइंचाने पुढे सरकली. काठ चढून दिराने ती थेट अ‍ॅम्बुलन्सच्या दाराशी लावली.

आदिलाबादच्या दवाखान्यात जाऊला बरेच दिवस ठेवलं. पायाची दोन बोटं कापली.

ती जगली.